लहान आकड्याचा सेल

दुकानदार : साहेब, दुकानात स्वतःचा वजनकाटा घेऊन येणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय. सेल वजनावर घ्यायचे असतील तर शेजारी भाजीवाला बसतो, त्याच्याकडे बघा मिळतात का.

नवरा : चेष्टा नंतर करा. सेल काट्यावर ठेवा. मधोमध. हं, आता वाचा किती भरतंय.

दुकानदार : बत्तीस ग्रॅम.

नवरा : आणि वर साठा छापलाय नऊ हजार नऊशे मिलिअँपिअर-तास. अहो, या आकाराच्या लिथियमच्या सेलमध्ये साडेतीन-चार हजारांच्या पुढे भल्याभल्या कारखान्यांना जाता आलेलं नाही. तुमचा सेल नऊ हजार नऊशेवर पोचला, आणि तोही पंचेचाळीस ग्रॅमचं वजन बत्तीसवर आणून.

दुकानदार : प्रगती आहे साहेब.

बायको : हा काटा कुत्र्याच्या पिल्लांचा आहे. माझ्या दवाखान्यातला. न विचारता उचललात?

नवरा : पिल्लं थांबतील गं थोडी.

बायको : पिल्लं थांबतील, व्यायला आलेली गाय थांबायची नाही. सकाळपासून ऊठबस चाललीये तिची. गाईवाल्या म्हातारीचा फोन आला की मी निघणार. टॉर्च पेटला तर पेटला, नाहीतर तुम्ही बसा इथे वजनं करत.

दुकानदार : वहिनी, तुम्ही म्हणजे त्या जनावरांच्या डॉक्टर ना? आमच्या मेव्हण्याच्या बैलाचं शिंग तुम्हीच कापलं होतं. अजून आठवण काढतो तुमची.

बायको : मेव्हणा की बैल?

दुकानदार : दोघंही. पण घाई कसली वहिनी, बाहेर ऊन आहे चांगलं. टॉर्च कशाला लागतोय आत्ता?

बायको : म्हातारीच्या गोठ्याला खिडकी नाही, दिवा नाही. भर दुपारी आत गेलात तरी डोळ्यांत बोट घातलं तर दिसणार नाही. म्हणून तर यांनी मला लग्नाच्या वाढदिवसाला हा टॉर्च आणला. लांबवर फेकणारा, दांडगा. त्याला आता पुढचा वाढदिवस जवळ आलाय.

दुकानदार : मग वर्षभर कसा चालला?

बायको : चालला कुठे? कपाटात फडक्यात गुंडाळून पडला होता, आज पिशवीत घालून आणलाय. सेलच नाहीत त्यात. यांच्या मनाला येईल असा सेल अजून जन्माला यायचाय.

नवरा : असं एकदम अन्याय करणारं बोलू नकोस. मी दोनदा आणले होते.

बायको : हो. पहिला आणला तो दोन मिलिमीटर लांब. टोपण लागेना.

नवरा : त्याला खाली संरक्षक पट्टी होती. जास्त तापला, जास्त ओढला गेला, की आपला आपण बंद पडतो. पट्टीमुळे लांबी वाढते, हे वेष्टनावर लिहायला नको?

बायको : दुसरा आणला तो सपाट डोक्याचा. आत टेकेचना.

नवरा : कारण या टॉर्चला वर टोक आलेला सेल लागतो. ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

बायको : आणि त्यानंतर हे अभ्यासाला बसले. मोबाइलवर अमुक देशातला एक माणूस सेल कापून आत काय आहे ते दाखवतो. तमुक देशातला दुसरा म्हणतो, पहिला खोटारडा आहे. त्या दोघांच्या भांडणात आमच्या घरी अंधार.

दुकानदार : साहेब, एक विचारू का? राग मानू नका. सेल तो सेल. एवढं काय असतं त्यात?

नवरा : असं आहे बघा. हा टॉर्च पूर्ण जोरात लावला की एका दमात दहा-बारा अँपिअर ओढतो. आता सेलमध्ये साठा कितीही असो, तेवढं एकदम देण्याची ताकद नसली तर तो तापणार. टाकी मोठी असून भागत नाही, नळही जाड लागतो. म्हणून ज्याच्यावर साठ्याचा आकडा थोडा कमी, पण ओढ सोसण्याची ताकद जास्त, असा सेल निवडायचा. लोक नेमकं उलटं करतात. मोठा आकडा बघतात आणि भाळतात.

दुकानदार : आकडा गिऱ्हाइकासाठी असतो साहेब. सेलला कुठे वाचता येतं?

नवरा : म्हणजे खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

दुकानदार : मला ठाऊक आहे, छापणाऱ्याला ठाऊक आहे. फक्त घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही त्याला सांगायला गेलात तर तो तुमच्याच अंगावर येईल. खरा माल आहे ना माझ्याकडे. खालच्या खणात. धूळ खातोय.

नवरा : खणात का?

दुकानदार : त्यावर तीन हजार लिहिलंय. वर टोकही आहे तुम्हाला हवं तसं. मांडून ठेवला होता आधी. लोक म्हणायचे, पलीकडच्या दुकानात नऊ हजारांचा मिळतो आणि तुम्ही तीन हजारांचा गळ्यात मारता? एकाने तर चारचौघांत लबाड म्हटलं मला. आयुष्यात पहिल्यांदा खरं विकत होतो हो.

बायको : काढा तो.

दुकानदार : हा घ्या. थांबा, पुसून देतो.

नवरा : काट्यावर ठेवा.

दुकानदार : सेहेचाळीस.

बायको : बरोबर आहे का?

नवरा : वजन बरोबर आहे.

बायको : मग घाला टॉर्चमध्ये.

नवरा : वजन बरोबर असणं ही आवश्यक अट झाली, पुरेशी नाही. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून त्यांना नवं वेष्टन चढवतात. म्हणजे, तुमच्यावर आरोप नाही. पण तयार झाल्याची तारीख दिसत नाहीये इथे. शिवाय एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून बघितल्याशिवाय...

बायको : किती वेळ लागतो त्याला?

नवरा : दोनदा केलं तर परवापर्यंत.

बायको : गाईला सांगते तसं. म्हणते, परवापर्यंत थांब बाई, यांचा सेल उतरायचाय.

दुकानदार : साहेब, तुम्ही काम काय करता म्हणालात?

नवरा : विमा कचेरीत आहे. आगीचे दावे बघतो.

दुकानदार : मग बरोबर.

नवरा : काय बरोबर? तुम्हाला हसायला काय जातंय. मागच्या वर्षी एक दुकान जळालं, मी पाहणीला गेलो होतो. तुमच्या दुकानाएवढंच. एक सेल. बोटाएवढा एक सेल, चार्जरवर ठेवून मालक जेवायला गेला होता. शटर वाकून खाली आलं होतं. मी त्याचे फोटो काढले, मोजमापं घेतली, घरी आलो, आणि त्याच आठवड्यात माझ्याच हाताने आणलेला टॉर्च टेबलावर. तो हिच्या हातात असणार आहे. तोंडाजवळ. मी कुठलाही उचलून कसा घालू त्यात?

बायको : हे मला कधी सांगितलं नाहीत.

नवरा : सांगून तू घाबरली असतीस.

बायको : मला म्हशीने लाथ मारून बरगडी मोडली होती, तेव्हा नाही घाबरले. आणि तेव्हा तुम्ही म्हशींचा अभ्यास नाही केलात.

नवरा : केला होता. तुला बोललो नाही.

दुकानदार : वहिनी, साहेबांचा जीव आहे तुमच्यावर. फक्त तो सेलमध्ये अडकलाय.

बायको : जीव आहे हे मलाही कळतं हो. म्हणून तर इतके महिने गप्प बसले. पण आता ऐका. याच म्हातारीच्या पहिल्या गाईची गोष्ट. ही दुसरी आहे, पहिली मागे, हा टॉर्च कपाटात पडला असताना व्याली, माझ्याच हातून. उजेडासाठी मोबाइल होता. आधी मी दातात धरला, मग म्हातारीच्या हातात दिला. तिचा हात कापतो. वासरू बाहेर आलं आणि गाईला रक्त सुटलं. रक्त कुठून येतंय ते बघायला मी वाकले आणि मोबाइल म्हातारीच्या हातून शेणात पडला, विझला. दोन्ही हातांनी चाचपडत, दाबत बसले. गाय वाचली. मोबाइल सापडला, लावला, तर वासरू माझ्यापासून हातभर अंतरावर पडलेलं. नाकावरचा पडदा तसाच. बोटाने बाजूला करण्याएवढं काम होतं. दिसलंच नाही मला. हातभर अंतरावर गुदमरून गेलं.

नवरा : तू हे मला सांगितलं नाहीस.

बायको : सांगितलं. त्याच दिवशी जेवताना.

नवरा : नाही सांगितलंस. मला आठवलं असतं.

बायको : तुम्ही म्हणालात, "हं. पण पट्टीवाला लांब पडतो."

दुकानदार : चहा मागवू का?

बायको : नको. म्हातारी मला काही बोलली नाही. उलट माझे हात धुवायला पाणी आणून दिलं. आज सकाळी फोनवर एवढंच म्हणाली, बाई, या खेपेला उजेड आणा.

नवरा : द्या तो सेल इकडे.

दुकानदार : तारीख बघायची राहिलीये साहेब.

नवरा : द्या म्हणतो ना.

(सेल आत सरकतो. टोपण लागतं. टॉर्च पेटतो.)

दुकानदार : अहो, डोळे, डोळे. खाली करा. मी समोर उभा आहे.

नवरा : माफ करा. रस्त्यापलीकडच्या पाटीवर पडला बघ गं. उन्हातसुद्धा. दिसतोय?

बायको : दिसतोय. पण गाय रस्त्यापलीकडे नसते. आणि असा डोळ्यांत मारला तर दावं तोडून पळेल. हे काय, गरम होतोय डोक्याकडे.

नवरा : होणारच. पूर्ण जोरात मिनिटभरच चालतो. मग आपोआप मंद होतो. नाहीतर हात भाजेल.

दुकानदार : म्हणजे हा सगळा अभ्यास त्या एका मिनिटाचा?

नवरा : तत्त्वतः, हो.

बायको : बरं, आता मला सांगा. गाय व्यायला लागली की माझे हात कुठे असतात?

नवरा : गाईजवळ.

बायको : आत असतात. दोन्ही. कोपरापर्यंत. हा दांडगा मी धरू कशात? मोबाइल निदान दातात मावत होता.

नवरा : हे, हे माझ्या लक्षातच...

बायको : सेलच्या पोटात काय आहे ते तुम्हाला पाठ आहे. माझे हात कुठे असतात ते एकदा विचारायचं होतंत.

दुकानदार : वहिनी, मघापासून बोलावं की नाही असं चाललंय माझं. डोक्याला बांधायचा दिवा असतो. साधा. पट्टा आणि पुढे एवढासा दिवा. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या बारक्या सेलवर चालतो. त्यावर आकडाबिकडा काही नाही.

नवरा : तुमच्याकडे होता तो? एवढा वेळ?

दुकानदार : तुमच्या डोक्यावरच टांगलाय साहेब. तुम्ही काट्यात बघत होता.

बायको : द्या. पट्टा सैल होतो ना? हां. बसला. आणि ते बारके सेल तुमचे तरी खरे आहेत का?

दुकानदार : त्यात खोटं करून काय मिळणार वहिनी? खोट्यालाही थोडी प्रतिष्ठा लागते.

नवरा : म्हणजे टॉर्च वायाच गेला. वर्ष गेलं. आणि ते वासरू...

बायको : थांबा, फोन वाजतोय. हं, बोला आजी. पाणमोट फुटली, पाणी गेलं? कधी? खुर दिसतायत का? किती, दोन? बरं, दोन म्हणजे चांगलं आहे. ओढू नका. कोणालाही ओढू देऊ नका. गरम पाणी ठेवा, मी निघालेच. हो, आणतेय. उजेड आणतेय.

नवरा : मी रिक्षा बघतो तुला.

बायको : दोघांना बघा.

नवरा : मी? मी काय करणार तिथे? मला रक्त बघवत नाही, तुला माहीत आहे.

बायको : रक्त मी बघते. डोक्यावर आहे ना दिवा. तो टॉर्च घ्या बरोबर. सगळ्यात मंद किती होतो?

नवरा : पाच पायऱ्या आहेत त्याला. सगळ्यात खालची अगदी समईएवढी. ती कोणी वापरत नाही.

बायको : तीच लावायची. आणि माझ्यावर धरायचा नाही, गाईवर धरायचा नाही. मी कितीही ओरडले, काहीही मागितलं, तरी हलवायचा नाही. वासरू बाहेर आलं की वासरावर धरायचा.

नवरा : सेल पुरेल. त्या पायरीवर चार-पाच दिवससुद्धा... नाही, बरं. बोलत नाही.

दुकानदार : साहेब, काटा विसरलात.

नवरा : राहू दे. येताना नेतो. अगं, मी वासरावर धरतो. पण नंतर? नंतर काय करायचं?

बायको : श्वास घेतंय का, तेवढं मला सांगायचं.