रेजिनचा मोडलेला उपवास

ऐका मंडळी, एक प्रश्न टाकतो. पंगतीचं बोलावणं आहे, पान वाढलंय, यजमान समोर उभा — आणि एक बाई पानाला हातच लावत नाही. तिनं यजमानाचा अपमान केला, की मान राखला? अपमान म्हणता? थांबा, घाई नको!

वसईकडच्या एका गावात रेजिन तुस्कानो राहायची. लग्न असो, सण असो, चुलीपाशी रेजिनच हवी. काळ जुना. चर्चमधली मिस्साची प्रार्थना लॅटिनमध्ये, आणि ख्रिस्तप्रसाद — वेदीवरची ती भाकर, जिच्यात ख्रिस्त स्वतः येतो — घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही! आता उपवास तासाभराचा — तोसुद्धा आपण घड्याळाशी घासाघीस करून पाळतो. हसा, हसा! मीही त्यातलाच.

त्या रविवारी तिच्या लेकीचा, नातालीनचा, पहिला ख्रिस्तप्रसाद. आईच्या शेजारी गुडघे टेकून घ्यायचा, हे पोरीनं महिनाभर घोकलेलं. पहाटे रेजिननं पाहुण्यांसाठी मटणाचं आंबट-तिखट इंद्याल शिजवलं, ढवळलं — आणि वीस वर्षांची सवय! पळीतला रस्सा तळहातावर घेतला, चाखला, गिळला. मीठ बरोबर होतं. उपवास मोडला होता.

तिची जाऊ म्हणाली, "थेंबभर रस्सा तो काय. कोणी पाह्यलंय?"

"ज्याच्या घरी जेवायला चाललेय, त्यानं पाह्यलंय."

"आणि तू बाकावर बसून राहिलीस तर? लोक म्हणतील, हिचं काहीतरी मोठं पाप असणार."

"म्हणू देत."

बोलायला सोपं हो! पण चर्चमध्ये घंटी वाजली, सगळं गाव प्रसाद घ्यायला वेदीपुढच्या कठड्याकडे निघालं. नातालीन मागं वळून वळून बघतेय, आणि रेजिन बाकावर. पाठीमागं कुजबुज सुरू. तिला रडू फुटलं. लेकीसाठी एकदा उठलीसुद्धा — आणि पुन्हा बसली. मनात म्हणाली, 'नुसती भाकर असती तर धावत आले असते. तू स्वतः आहेस देवा, म्हणून बसले.'

घरी पाहुण्यांनी इंद्याल वाखाणलं. रेजिननं लेकीला खरं काय ते सांगितलं.

सोमवारी सकाळी रेजिन उपाशीपोटी मिस्साला निघाली. दारात नातालीन, कालचाच पांढरा झगा घालून.

"तू कुठं? काही खाल्लंस का?"

"पाणीपण नाही प्यायले. काल मी एकटीच जेवले, आई. आज दोघी जेवू."

चर्चमध्ये मोजकी माणसं. कठड्याशी मायलेकी, खांद्याला खांदा लावून.

मंडळी, छाती फुगवून सांगतो — ही आपली माणसं! लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं, पण समोर कोण आहे ते कळत होतं. रेजिन बसून राहिली, त्यातही त्याचा मान होता. आणि आपण? पुढचा सरकला की सरकतो, 'आमेन' म्हणतो, परत फिरतो. कुणापाशी जाऊन आलो, आठवतं? बाकावर कोण उपाशी राहिलं, कधी वळून पाहिलं? कुणी भावाशी बोलणं बंद आहे म्हणून, कुणी लाजेनं कोपऱ्यात बसलाय. येत्या रविवारी प्रसाद घ्या, जरूर घ्या. पण सोमवारी त्या उपाशी राहिलेल्याच्या दारात जाऊन उभे राहा.