हुकावरची माळ

(कोल्हापुरातला एक दवाखाना, तिसरा मजला, दुपार. पलंगावर फक्रुद्दीन, उजव्या हाताला मोठं बँडेज, त्यातून अंगठा आणि दोन बोटं बाहेर. उशाशी त्याची बायको लालबी. कागलच्या कारखान्यात क्रेन चालवणारी भैरवी नुकतीच आली आहे; तिथंच खाली उभा राहून फक्रुद्दीन साखळी बांधतो आणि तिला हाताने इशारे देतो.)

फक्रुद्दीन : ...आनि मी हात खाली केला की समदं हळूहळू उतरतंय. ढगबी. तू वर केबिनमधी, मी खाली. आत्ताच बघितलं, खरंच.

लालबी : सकाळधरनं हेच चाललंय, पोरी. सुईचा अंमल हाय. मला म्हनले, खिडकी जरा डावीकडं घे.

फक्रुद्दीन : घे की. पन्हाळा दिसंल. धुक्यात कुणीतरी उचलून धरलाय जनू.

भैरवी : चाचा, मी राजीनामा द्यायला निघालेय. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.

लालबी : अगं बया!

फक्रुद्दीन : कशापायी?

भैरवी : आणि वर विचारताय? परवा तुमची दोन बोटं साखळीखाली गेली, ती माझ्यामुळं. तुम्ही लोखंडाच्या कास्टिंगला साखळी बसवत होता आणि मी घाई केली. चौकशीत तेच लिहून देणार.

फक्रुद्दीन : घाई? तू? बटण दाबताना श्वास धरून बसतीस. खालनं कळतंय मला.

भैरवी : मग हात का नाही दिसला? वरनं नुसतं पिवळं-शेंदरी दिसत होतं. मला वाटलं, हुकावरची फुलंच हायत. रक्त असंल असं मनातबी आलं नाही. डोळे मिटले की तेच येतंय.

फक्रुद्दीन : माझं उलटं हाय बघ. माझी बोटं हायतच अजून. करंगळी आनि तिच्या शेजारचं. आत्ताबी हलत्यात. हळू उचल, हळू उचल, म्हनत्यात.

लालबी : मला सांगितलंसा ते तिलाबी सांगा की. पोर उगंच जळाय लागलीया.

फक्रुद्दीन : न्हाई.

लालबी : मग मी सांगतो.

फक्रुद्दीन : गप गं. ...ऐक, भैरवी. साखळी नीट बसलीती. मी हात काढला, इशारा दिला. तू उचललंस ते बरोबरच. मग मी परत हात घातला.

भैरवी : परत? कशाला?

फक्रुद्दीन : खंडेनवमीची माळ लोंबत हुती न्हवं हुकावरनं, तिचं टोक साखळीखाली आलं.

भैरवी : माळ?

फक्रुद्दीन : आपल्या वर्कशॉपची रीतच हाय, सुकून आपसूक पडंस्तवर ती काढायची न्हाई. त्यात तू ओवलेली. तुझी पयली क्रेन, पयली पूजा. झेंडू चिरडाय लागला आनि हात आपोआप तिकडं गेला.

भैरवी : फुलांसाठी? मंडईत ढीग पडलेला असतोय, चाचा!

फक्रुद्दीन : व्हय की. बोटंच तेवढी मिळत न्हाईत मंडईत.

लालबी : आनि हसताय! आता घास मी भरवायचा व्हय?

फक्रुद्दीन : भरव की. पंचवीस वर्षांत एकदा तरी भरवलास काय?

भैरवी : म्हणजे... मी घाई केली नव्हती.

फक्रुद्दीन : न्हाई. माळेचं ऐकून तुझ्या जिवाला लागंल म्हनून बोललो न्हाई, तर तू भलतंच धरून बसलीस. चूक माझी. तीस वर्षं दुसऱ्यास्नी सांगतोय, साखळी ताणली की हात घालू नका.

भैरवी : मग चौकशीत हेच सांगायचं. खरं ते. आणि यापुढं हुकावर माळ नाही. पूजा करायची तर क्रेनच्या खांबाची करा.

लालबी : आनि तुझा राजीनामा?

भैरवी : मला भीती वाटतेय, चाची. लई भीती वाटतेय.

फक्रुद्दीन : वाटू दे. भ्यालेल्या मानसाच्या क्रेनखाली मी कवाबी हुबा ऱ्हाईन.

भैरवी : मग माझी एक अट. खालच्या माणसाचे दोन्ही हात वर, मोकळे दिसल्याशिवाय मी बटणाला हात लावणार नाही. कोण का असंना. एकेक बोट मोजीन.

फक्रुद्दीन : आनि मी आलो म्हंजी?

भैरवी : तुमचीबी मोजीन.

फक्रुद्दीन : लालबी, पाठीला उशी दे. अजून जरा वर. हां. (दोन्ही हात वर करतो.) ...मोज.

भैरवी : इकडं पाच. इकडं अंगठा धरून तीन. आठ, चाचा.

फक्रुद्दीन : आठ. उचल आता.