जोरात होतो की हळू

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक टेम्पोवाला त्याच्या वकिलाशी बोलत होता.

“आकाराम, तुझा टेम्पो भरधाव नव्हता, हे मी सिद्ध करतो. केस सुटली समज.”

“नको साहेब. दंड होऊ दे.”

“लायसन जाईल की.”

“जाऊ दे. त्या दिवशी थोरल्या भावाला गगनबावड्यासनं दवाखान्यात आणत हुतो. वाटंतच गेला. आता वैनी म्हणती, जमिनीसाठी मुद्दाम हळू आणलं.”

“मग?”

“जज्जसाहेबच सांगू देत, मी जोरात हुतो म्हणून. तिला ऐकवायलाच संगं आणलंय.”

“कुठं आहे ती?”

मागच्या बाकावरून बाईच बोलली, “हितंच हाय. वकिलासंगं ठरवून दंड घ्यायलाय व्हय, भावजी?”