अजून माझ्यावरच राज्य

— नाही हो ताई, माझं काही हरवलेलं नाही. कानातलं नाही, किल्ली नाही, काही नाही. परवा तो पाववालाही हेच विचारत होता, म्हणे बाई, रोज रोज बसखाली वाकून काय शोधता, सांगा तरी, मी पण बघू लागतो — मी म्हटलं तू तुझे पाव बघ, त्यांना मुंग्या लागल्यात. तुम्ही नवीन ना? कोपऱ्यावरच्या घरात राहायला आलात त्याच? मग सोमवारी शाळेच्या फाटकाला लटकून रडत होता तो तुमचा. रडतात हो सगळी. माझा मोठा महिनाभर रडला, आणि त्याच्यापेक्षा मी जास्त. बसा ना. या बसच्या पायरीवर बसा, स्वच्छ आहे, मीच पुसते ती. नाही, माझ्या कडेवरच्या हिला नका घेऊ, राहू दे, अनोळखी माणसाकडे जात नाही ती — म्हणजे जाते, पण मीच देत नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. सवय माझी.

शाळा सुटेपर्यंत करायचं काय, हे तुम्हालाही कोडं पडलं असेल ना? घरी जावं तर कुलूप काढून घोटभर पाणी पिते न पिते तोच परत निघायची वेळ. म्हणून आम्ही इथेच थांबायचो, या डेपोच्या भिंतीला टेकून. बंदच आहे हा कधीचा. मोडक्या बसगाड्या आणून उभ्या केल्यात, चाकं काढून नेलेली, काचा फुटलेल्या, राखणदार आहे म्हणतात पण मी काही त्याला बघितलं नाही. चौघीजणी होतो. एक मी. एक नर्सबाई, ती रात्रपाळी करून तशीच मुलाला घेऊन यायची, डोळे तारवटलेले. एक लांबडी — आम्हीच म्हणायचो तिला लांबडी, तिने कधी राग नाही धरला. आणि एक शिंपीण. तुमच्या मुलाच्या अंगावर शाळेचा सदरा आहे ना, त्याच्या खिशाची शिवण बघा कधी, दुहेरी आहे. तिच्या हातची असेल तर. सगळ्या वर्गाची मापं तिला तोंडपाठ, पोरगं समोरून गेलं की म्हणायची, हा दोन बोटं वाढला गं.

तर काय सांगत होते? हां. रोज आमचं तेच — याला खोकला, त्याने दूध ओकलं, हिच्या दाताने ताप आला. एक दिवस शिंपीण उठली आणि म्हणाली, पुरे गं बायांनो, माझ्या कानाला बुरशी आली. चला, लपाछपी खेळू. आम्ही हसलो. ती नाही हसली. चपला काढल्या, डेपोच्या फाटकाच्या साखळीखालून आत शिरली सुद्धा. मग लांबडी शिरली, मग मी — बघू काय होतं ते. आणि काय सांगू तुम्हाला ताई, काय मजा यायची! तुम्ही हसताय, पण खरंच. बाया आम्ही, एकेकीची कंबर दुखतेय, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली अंग चोरून बसतोय, तोंडात पदर कोंबून, हसू फुटायला नको म्हणून. नर्सबाई एकदा शेवटच्या सीटवर लपली आणि झोपली! घोरण्यावरून सापडली. तरी कबूल करेना, म्हणे मी कुठे घोरत होते, बस सुरू झाली होती. बिनचाकाची बस! लांबडीचं तर कुठेही लपली तरी काही ना काही बाहेर राहायचंच, कधी पाय कधी डोकं, शिंपीण म्हणायची, तुला दोन हप्त्यांत लपावं लागेल. घरी गेल्यावर भाजी चिरताना मी एकटीच हसायचे. नवरा विचारायचा, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही. सांगितलं नाही कधी. आपलं आपल्यापुरतं असं काही किती वर्षांनी मिळालं होतं.

तशी मी घाबरट आहे बरं का. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, पोरं झाली, आणि भीती कुठून आली कोण जाणे. मोठा जन्मला तेव्हापासून. बटण गिळेल का, बादलीत पडेल का, झोपेत श्वास थांबेल का — रात्री उठून नाकापुढे बोट धरायचे मी त्याच्या. तोंडाला साबण लावला तरी एक डोळा उघडा ठेवायचे. झोंबायचा, झोंबू दे, पोर दिसलं पाहिजे. आणि इथे आपल्यावर राज्य आलं की काय करायचं? त्या खांबाला कपाळ टेकायचं, डोळे मिटायचे आणि शंभर म्हणायचे. पहिल्यांदा वीसच्या पुढे जाता आलं नाही मला. मग जमलं. मोठा शाळेत, बाईंच्या ताब्यात. ही इतकुशी होती, लिंबूटिंबू, जिच्यावर राज्य नसेल ती हिला काखोटीला मारून लपायची. म्हणजे शंभर होईपर्यंत माझ्यावर कुणाचीच जबाबदारी नाही. ते सुख काय होतं, तुम्हाला कळेल. आई आहात ना, कळेल. मी राज्याची वाट बघायचे. बाकीच्या कुरकुरायच्या, आणि मी मनात म्हणायचे, मला पकडा गं, मला पकडा.

त्या दिवशी खरं तर नर्सबाईवर राज्य होतं. शिंपीणच म्हणाली, नको, तू घे गं आज — माझ्याकडे बघून — या दोघी बोटांतून बघतात, तू एकटी खरे डोळे मिटतेस. आणि हिला माझ्या हातून तिनेच घेतलं. मला बरंच वाटलं. कुणी आपल्याला खरं म्हटलं की बरं वाटतंच ना? मी शंभर म्हटले. एकही आकडा गाळला नाही. लांबडी सापडली, नर्सबाई सापडली, आणि शिंपीण काही सापडेना. मी ओरडले, रडीचा डाव नको हं शिंपीण, सांग ना कुठल्या रांगेत आहेस! मग ही सापडली. एकटीच. त्या तिकडच्या बसमध्ये, इंजिनाच्या झाकणावर, गाढ झोपलेली. शाळेच्या सदऱ्यांचं कापड अंथरून खाली, आणि दोन्ही अंगाला उशी केलेली घड्यांची, कलंडू नये म्हणून. इतकं नीट झोपवलेलं मी सुद्धा कधी झोपवलं नसेल.

तरीही मला वाटलं खेळच चाललाय. शाळा सुटली, तिची मुलगी धावत आली — लहान आहे हो, तुमच्या मुलाच्याच वर्गात, दोन शेंड्या — म्हणाली, आई कुठाय? मी हसून म्हटलं, लपलीय बघ तुझी आई, सापडतच नाहीये. खोटं नव्हतं ते. तेव्हा नव्हतं.

डेपोच्या कँटीनच्या मागे भिंत पडलीय थोडी. तिथून गेली शिंपीण. नवऱ्याला फोन आला तिचा नंतर, कुठल्याशा गावाहून — मी बरी आहे, मला शोधू नका. संपलं. पोलिसही म्हणाले, मोठी बाई आहे, आपल्या मर्जीने गेलीय, आम्ही काय करणार. नाही हो, मारत बिरत नव्हता तो. मीही आधी तेच विचारलं. दारू नाही, दुसरी कुणी नाही, सासू तर देवमाणूस. आणि शिंपिणीचंही बाहेर कुणी नाही, असतं तर लांबडीला आधी कळलं असतं. काही म्हणजे काहीच नव्हतं ताई. तेच तर. काहीतरी असतं ना, तर मी म्हटलं असतं की बाई, आपल्या घरी तसं काही नाही, आपण सुटलो.

पोरीला कोण सांगणार? शिंपिणीची सासू माझ्या दारात आली एक दिवस. उंबऱ्यातच बसली, आत येईना. म्हणाली, तू तिला लपलीय म्हणून सांगितलंस ना, तेच चालू दे थोडे दिवस. तेवढ्यावर जेवतेय ती. मी बरं म्हटलं. आता थोडे दिवस म्हणजे किती, ते तिलाही माहीत नाही आणि मलाही. पोरगी रोज शाळा सुटली की माझ्याकडे येते. सापडली का? — अजून नाही गं. मागच्या बसमध्ये बघितलंस? — बघितलं. टपावर? — टपावर राहिलं बघ, उद्या बघते. अशी चौकशी करते, एखाद्या साहेबासारखी. एकदा म्हणाली, मावशी, तू डोळे नीट मिटत नसशील, आईला रडीचा डाव आवडत नाही, म्हणून ती येत नाही. तेव्हापासून डोळे मिटून शंभर म्हणते आणि मग शोधते. रोज. खरंच शोधते बरं का, नुसतं नाटक नाही. सीटखाली वाकले की क्षणभर वाटतंच, आता हात लागेल.

लांबडी आता फाटकापाशी पोराला सोडते आणि निघते. नर्सबाईने तर शाळाच बदलली. जाताना मला म्हणाली, वेडे, मोठ्याने 'हरले' म्हण आणि मोकळी हो. बोलायला काय जातं? 'हरले' म्हटलं की लपलेल्याने बाहेर यायचं असतं, हे त्या पोरीलाही माहीत आहे. मी म्हणायचं, आणि तिने बघत राहायचं, आणि कुठल्याच बसमधून कुणी उतरायचं नाही. मग? मग तिला काय सांगू, तुम्हीच सांगा.

— नाही, भुताबिताची भीती नाही वाटत मला इथे. भुताचं काय एवढं. मला ते शंभर म्हणायची भीती वाटते. पहिले काही दिवस डोळे मिटले की ती दिसायची, शिंपीण, पाठमोरी, त्या पडक्या भिंतीवरून पाय टाकून पलीकडे उतरताना. दिसणारच ना, रात्रंदिवस तेच डोक्यात. चाळीस-पन्नासपर्यंत यायची आणि जायची. आता ती नाही येत. आता पाठ — तुम्ही म्हणाल काय बाई आहे ही — पाठ माझी असते. पोलकंही हेच, हे उसवलेलं. आणि हातात काही नाही, कडेवर काही नाही, आणि चाल अशी हलकी की मलाच नवल वाटतं, मी अशी चालत होते का कधी? लग्नाआधी सुद्धा नाही चालले अशी. आणि मी तिला हाक मारत नाही, थांब म्हणत नाही. बघत राहते आपली, जा जा म्हणत. शंभर होतात तेव्हा मला वाईट वाटतं ताई, की झाले एवढ्यात.

म्हणून तर हिला खाली ठेवत नाही मी. अंगावर नसते ना ही, तर—

काही नाही. काय बोलत होते? हा खांदा गेलाय नुसता, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले कडेवर घेणं कमी करा. डॉक्टरांना काय जातंय. आणि तुम्ही हे कुणापाशी बोलू नका हं, मी आपलं तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या घरी सगळं छान आहे. नवरा चांगला आहे. पोरं गुणी आहेत. मोठ्याला कविता येतात आता चार-पाच.

काय म्हणता? तुम्ही खेळाल? माझ्याबरोबर? — खरंच, तुम्ही चांगल्या आहात हो. पहिल्याच भेटीत कुणी असं म्हणत नाही. पण नको. तुम्ही लपलात आणि मला लगेच सापडल्या नाहीत तर माझं काय होईल ते मला माहीत आहे. आणि तुम्हाला तरी काय माहीत, एकदा सीटखाली गप्प पडून राहिलं, बाहेर आपल्याला कुणी हाक मारत नाहीये, कुणाला काही हवं नाहीये — त्याची चटक लागते बाईमाणसाला. घरी जा. पोराचा डबा घासा, झोप काढा. उद्यापासून त्या शाळेच्या फाटकाशी उभ्या राहत जा, इकडे नको.

— अगं बाई, घंटा झाली का ती? मधली सुट्टी. उठा, उठा तुम्ही. तिकडे वळून बघू नका एकदम — ती शाळेची मागची खिडकी आहे ना, गजांची, तिथे येते शिंपिणीची पोरगी डबा घेऊन. रोज. खाता खाता बघत असते मी नीट शोधतेय की नाही. नाही म्हटलं ना ताई, हिला मी देणार नाही, ओढू नका, हात काढा. रागावू नका पण जा आता. मला खांबाशी जायचंय.

आणि असं मधे नका उभं राहू, बाजूला व्हा ना जरा — तुमच्या आड मी तिला दिसत नाहीये.