उशीतला खळगा

विशाखा : पण मामा, मघाशी म्हणालात कविता दौलताबादच्या किल्ल्यावर सुचली. आता म्हणताय पाणचक्कीवर.

कडुबा : किल्ल्यावर सुचली, पाणचक्कीपत्तोर चालत आली. कवितेला काय पाय नसतेत?

विशाखा : उद्या चर्चासत्रात मला याच चार ओळींवर बोलायचंय. कवी सख्खा मामा, म्हणून सरांनी मुद्दाम मला घेतलं. नोकरी पक्की होणं उद्यावर आहे. एकदा खरं सांगा, यातलं ‘तू’ म्हणजे कोण?

कडुबा : तू काय लिव्हलंस?

विशाखा : ‘रिकाम्या उशीतली स्त्री’. उशी म्हणजे संसार, खळगा म्हणजे बाईचं पुसलेलं अस्तित्व, गार बाजू म्हणजे पुरुषी व्यवस्था.

कडुबा : येवढं समदं उशीत? मग कापूस कुठं राहिला?

विशाखा : थट्टा पुरे. ऐका. ‘तुझी ऊब उशीत, तू वाटेवर, तुझ्या खळग्यात माझी झोप. उशी पालटत नाही मी, तुझी बाजू गार पडेल म्हणून.’

पारूबाई : माझ्यावर हाय ती. चुलीपसनं सांगते, तिथं ऐकू येतंय ना? सोयरीक ठरली त्या साली छापून आलती. देवगाव रंगारीत एक बाई सोडली नाय मी, समद्यांला म्हणून दाखवली. उद्या शेजारची गोजरबाई यायलीय ऐकायला. नवं लुगडं घेतलंय तिनं.

कडुबा : ऐकलंस? मिटलं. चहा टाक गं.

विशाखा : मामी, एक अडतंय. मामा तेव्हा बजाजनगरच्या कारखान्यात रातपाळी करून सकाळी भाड्याच्या खोलीवर येणार. त्याच वेळी उशी गरम आणि तुम्ही वाटेवर. कुठल्या वाटेवर?

पारूबाई : शेतात जात असन.

विशाखा : बजाजनगरात कुणाचं शेत? आणि लग्नाआधी तुम्ही त्या खोलीवर कशा?

कडुबा : अगं, ती उशीच साधी नव्हती. खुलताबादच्या एका नवाबाची. एकाचं डोकं उठलं की त्याचं उरलेलं सपान आतच राहायचं, ते पुढच्याला पडायचं. मी सोयगाव जल्मात पाहिलं नव्हतं, पन सपनात रोज सोयगावची शिंगमोडी म्हैस यायची. नावानं हाक मारायची मला, सांडू, ए सांडू.

विशाखा : सांडू कोण?

कडुबा : म्हैस हाय ती. कायबी बोलती.

विशाखा : मामा.

(आत कुकरची शिट्टी होते. मग भांड्यांचा आवाज थांबतो.)

कडुबा : हळू बोल. खोली एक, बाज एक, उशी एक, आन् आमी दोघं, मी न् सोयगावचा सांडू. त्याची दिवसपाळी तव्हा माझी रात. मी यायचो, तो निघायचा. दारात ‘जयभीम’, बस. जागेपणी धड बोललो नाय कधी, पन त्याच्या डोक्याचा खळगा मला पाठ होता. थंडीत लई बरं वाटायचं.

विशाखा : मग मामीला तिच्यावर आहे असं का सांगितलंत?

कडुबा : मी नाय सांगितलं. पाव्हण्यांत मासिक फिरलं, तिनं वाचलं आन् ती लाजली. लाजलेल्या पोरीला काय म्हणावं, ही उशी सांडूची हाय? तव्हा गप बसलो, ते आजपत्तोर. उद्या तू माईकवर सांडू म्हणलीस तर गोजरबाईम्होरं ती कुठं तोंड लपवंल?

विशाखा : आणि नाही म्हटलं तर? मामा, ऊब, वाट, खळगा, सगळं आत्ता जागेवर बसलंय. माझी ती पुरुषी व्यवस्था मी आता कोणत्या तोंडानं वाचू?

पारूबाई : घ्या, चहा घ्या. ह्यांला साखर जास्त. सांडूभाऊजींला कमी लागायची.

कडुबा : तुला कुनी सांगितलं?

पारूबाई : लग्नाला आलते की. तुमी मांडवात पाव्हण्यांला थापा मारत होता. ते मला म्हणले, वहिनी, आता खळगा तुमच्या ताब्यात.

कडुबा : आन् इतकी वर्षं ‘माझ्यावर हाय, माझ्यावर हाय’?

पारूबाई : तुमी रोज नवी थाप मारता. मी एकच धरून बसले.

विशाखा : मग उद्या काय वाचू, मामी?

पारूबाई : सांडूभाऊजींवर हाय म्हण. गोजरबाईचं मी बघते. फकस्त शेवटी एक जोड.

विशाखा : काय?

पारूबाई : पहाटं मी उठले की हे झोपंतच सरकतेत माझ्या उशीवर. पालटत नाय.