आबांनी विचारलं, उभा होतास का

आमचं गाव साताऱ्याकडचं, आणि घरात हलगी आज्या-पणज्यापासून, म्हणजे हौस नव्हे हो, देवळाच्या पायरीखाली उन्हात उभं राहून वाजवायची सक्ती. आबा, म्हणजे वडील, बौद्ध झाले आणि म्हणाले, आता वाजवणार नाही. मी सात वर्षांचा. जत्रेदिवशी गावातले चौघं आले, आबांचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. आवाज अजून कानात आहे. आबांनी डाव्या हातानं हलगी चुलीत घातली. पुढं मी एकदा तेलाचा डबा बडवत बसलो, तर पट्ट्यानं पाठ सोलली माझी. म्हणाले, हा हात कुणाच्या दारात वाजायचा नाही.

काय सांगू तुम्हाला, पुन्हा हात लावला नाही. आयटीआय केलं, एसी मेकॅनिक होऊन बहारीनला आलो, झिंज मोहल्ल्यात खोली. नव्वदनंतरची वर्षं ती, सरकारविरुद्ध दंगली, रस्त्यात टायर जळायचे, सिलिंडर फुटायचे, आणि मी कामाला होतो त्या हॉटेलच्या हॉलमध्ये काय, तर संगीत! युरोपात शिकून आलेले जासिमसाहेब, त्यांचे चाळीस गोरे वादक, आणि पुढं समुद्रात बुडी मारून मोती काढणाऱ्यांचा डफ. अरबी सूर व्हायोलिनच्या दोन सुरांमधल्या फटीत बसतो, तो काढताना गोरे पोटात कळ आल्यासारखे दिसायचे.

डफवाला यूसुफचाचा नईम मोहल्ल्यातला, माझा चहाचा दोस्त. तालमीला येताना रस्त्यावरच्या मारामारीत सापडला. काठी कुणाची कुणास ठाऊक, बोटं चिरडली. सलमानिया इस्पितळातून प्लास्टर घालून तसाच हॉलवर आला, शर्टावर रक्त. त्याच्या जागी एक गोरा कागद बघून मोजून वाजवायचा आणि ताल निसटायचा. मी शिडीवर, महिनाभर तेच ऐकलेलं, डक्टच्या पत्र्यावर बोटं कधी चालू लागली मलाच कळलं नाही. खाली सगळ्यांनी माना वर केल्या. चाचा म्हणाला, यल्ला, चल, उतर, डफ घे. मी म्हटलं, मफी, नाही. आणि आबांच्या हाताचं सगळं सांगितलं.

चाचानं आपल्या प्लास्टरकडं पाहिलं. म्हणाला, मी हुकूम करत नाही, विचारतोय. नाही म्हण, आपण चहा पिऊ, मी घरी जाईन.

नाही म्हणता यावं म्हणूनच तर आबांनी हात मोडून घेतला होता. इथं नाही म्हणता येत होतं, म्हणून मी हो म्हणालो.

कार्यक्रमाला मला काळा कोट, गळ्यात बो. भाषणं इतकी लांबली की प्रमुख पाहुणे स्वतःचं करून झोपले. वाजवणं रंगात आलं आणि बाहेर सिलिंडर फुटला, काचा आत आल्या, शेजारच्या व्हायोलिनवाल्याचा गाल फाटला, पाहुणे जागे झाले. सगळे थांबले, मी थांबलो नाही. त्यानं गाल बाहीला पुसला आणि परत गज लावला. मग एकेक करून बाकीचे.

लीव्हवर गावी गेलो, आबांना सांगितलं. वाटलं, आता पट्टा. वाकडा हात मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, उभा होतास का?

नाही आबा, खुर्ची होती. व्हायोलिनवाल्यांच्या रांगेत.

पाठीची?

पाठीची. गादी होती.

आबांनी वाकडा हात मांडीवरून उचलला. मग स्वतः उठले, तेलाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, दाखव काय वाजवलंस ते.

आता आबा नाहीत, चाचाही गेला असेल. माझी नात डबा बडवते, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. वाजव म्हणत नाही मी तिला, नको पण म्हणत नाही. तिच्याकडं खुर्ची तेवढी सरकवतो.