अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस

...नाही, टेबलाबद्दल माझी तक्रारच नाही! टेबल उत्तम होतं. पांढरीशुभ्र चादर काय, फुलदाणीत प्लास्टिकचा गुलाब काय, स्वतंत्र उभा पंखा काय, आणि पंख्याचं तोंड फक्त माझ्याकडे! तीनशे माणूस मांडवात घामाने निथळतंय आणि मी एकटा, थळच्या कोळीवाड्यात, भर दुपारी, गार वाऱ्यात बसून साबुदाण्याची खिचडी खातोय. बरं, उपास होता का? नव्हता हो! शुक्रवार होता. मला साधा वरणभात चालला असता. पण त्यांनी आपसात ठरवून टाकलं, सरांना काय चालतं काय नाही कुणाला ठाऊक, उपासाचं देऊन टाका, उपासाचं कुणालाही चालतं! आणि पाच फुटांवर, तुम्हाला सांगतो, पाच फुटांवर अख्खी पाखाडी, म्हणजे आळीच्या आळी, चटईवर मांडीला मांडी लावून बसलेली, पानात मासा, वाटीत कालवण, हसणं, खिदळणं, ओरडणं... आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं की हात जोडून 'नमस्कार सर!' अरे, नमस्कार काय? मी जेवायला आलोय की उद्घाटनाला?

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? माझ्या! भेद मी मानत नाही हो! अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस आहेत मला!

म्हणजे झालं काय, की मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. एकतीस वर्षं. मुलं म्हणतात, वाचून दाखवतो. मुलांचं सोडा. तर गेल्या वर्षी कॉलेजात समावेशन समिती निघाली. अध्यक्ष कोण? प्रा. यशोधन. म्हणजे अस्मादिक. का? तर बाकीच्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती. समितीत आम्ही पाच जण, पाचही जणांच्या घरी आमटीत गूळ, आणि विषय काय, तर समाजातलं वैविध्य! मी म्हटलं, असं खोलीत बसून चालणार नाही, लोकांत गेलं पाहिजे. आणि लोकांत जायचं म्हणजे आधी काय लागतं? प्रश्नावली लागते.

सात प्रश्न काढले. वेगळ्या समाजाची व्यक्ती शेजारी राहिलेली चालेल का? तुमच्या घरात आलेली चालेल का? प्रश्न तिसरा, तुमच्या स्वयंपाकघरात आलेली चालेल का? असं करत करत पार सोयरिकीपर्यंत. प्रत्येकाला चार गुण. प्रश्नावली आधी स्वतःवर तपासावी असं म्हणतात, म्हणून तपासली. आरामखुर्चीत बसून, चहा पीत, साडेतीन मिनिटांत. अठ्ठावीसपैकी अठ्ठावीस! मलाच भरून आलं. सईला, म्हणजे आमच्या हिला, दाखवलं. ती म्हणाली, "कागदावर चहा सांडलाय."

आता माझ्या वर्गात मनाली म्हणून एक मुलगी आहे, थळची, नाव नोंदवून वर्गात येणाऱ्यांपैकी एकटी ऐकणारी. ती म्हणाली, सर, आमच्या घरापासून सुरू करा, आजी आहे, भाऊ आहे, काका आहे. गेलो. आजी बाहेर येते तो काय... अहो, ही तर आमची खतवाली!

ते सांगायला हवं. आमची माडापोफळीची वाडी आहे. आणि माडाला काय लागतं? सुक्या मासळीचं खत. ही बाई आमच्या आईच्या वेळेपासून पंधरा दिवसांनी मागच्या दारी खताची टोपली आणते. म्हणजे बघा, घरात अंडं फुटलेलं नाही चार पिढ्यांत, पण आमचे माड सगळे मांसाहारी! आम्ही त्या माडांचे नारळ देवाला फोडतो. तर ही येते, टोपली ओतते, मागच्या पडवीत टेकते, चहा घेते, कप स्वतः विसळून कोनाड्यात उलटा ठेवते आणि जाते. मला तर कौतुकच वाटायचं, किती स्वावलंबी बाई! आणि कपसुद्धा तिचा ठरलेला. आमच्याकडे जावयाला स्वतःचा कप नाही, तिला आहे!

तर पहिला रकाना, नाव. मी पेन धरून बसलो. इतकी वर्षं ओळखतो या बाईला... आणि नाव? खतवाली असं कसं लिहिणार?

मी विचारलं, "आपलं नाव?"

"वेणूबाई."

मी म्हटलं, "वा, छान नाव आहे."

"पयल्यापासून हेच हाय, सर."

मनाली खाली बघून वहीत काहीतरी लिहायला लागली. मी घाईघाईने प्रश्नांकडे वळलो. म्हटलं, वेणूबाई, वेगळ्या समाजाची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आलेली चालेल का? ती म्हणाली, "कोन येनार हाय?" म्हटलं, समजा हो, कुणीही. "कुनीबी कशाला येल? काय करनार येऊन? भांडी घासनार काय?" आता याला गुण किती द्यायचे? मी शून्य दिलं. नियम म्हणजे नियम. वेणूबाईला एकूण नऊ पडले. घरी येऊन चर्चासत्रासाठीच्या निबंधात लिहिलं, 'सदर वस्तीत समावेशनाची जाणीव मर्यादित आढळते.' कुणी लिहिलं? अठ्ठावीसवाल्यानं!

पुढच्या पंधरवड्यात वेणूबाई खत घेऊन आली ती आमंत्रण घेऊनच. नातवाची, मनालीच्या भावाची, कमलेशची नवी होडी पाण्यात घालायची होती. "पूजा हाय, मंग जेवान हाय. सर, तुमी यायचा." तुम्हाला काय सांगू, मला इतका आनंद झाला! चर्चासत्र महिन्यावर आलेलं, निबंधाला शेवट नव्हता, आणि हा शेवट चालत दारात आला. मनात वाक्यसुद्धा तयार झालं, 'संशोधक त्यांच्या पंगतीला बसला.' बास! मला तेवढंच हवं होतं, त्या पंगतीत एक जागा. सईला म्हटलं, जातोय. ती म्हणाली, "जा, पण तोंडात काही घालू नका." म्हटलं, सई, भेद मी मानत नाही! "माहितीये, अठ्ठावीस. डबा देऊ का?"

गेलो. होडी सजवलेली, गोंड्याच्या माळा, गुलाल, बेंजो. भरती आली तशी पन्नास माणसं होडीला खांदा लावायला धावली. मीही बाह्या सरसावल्या. शिवदास म्हणून मनालीचे काका आहेत, दरवाजाएवढा माणूस, त्यांनी मला अलगद, म्हणजे अक्षरशः उचलून बाजूला ठेवलं. "सर, तुमी नको. तुमी फोटोत या." फोटोत आलो. होडी पाण्यात गेली, सगळे कमरेपर्यंत भिजले, आणि मी कोरडा ठणठणीत, खुर्चीत, गळ्यात हार!

आणि मग ते टेबल.

मनालीला हळूच बोलावलं. म्हटलं, अगं, मला पंगतीत बसायचंय. ती कानाशी येऊन म्हणाली, "सर, नका ना असं करू. आजीने पातेलं नवीन आणलंय तुमच्यासाठी. खिचडीसुद्धा आमच्या घरात नाही केली, नाक्यावरच्या दुकानवाल्या काकूंनी करून दिली, त्यांच्याकडे मासे होत नाहीत." गिळली खिचडी. आणि तेवढ्यात खुद्द वेणूबाई आली, हातात चहा. कप कसला म्हणता! कोराकरकरीत, सोनेरी काठाचा, बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच. म्हणाली, "ह्यो तुमचा. कुनाचा हात लागू देनार न्हाय ह्याला. फलीवर वेगला ठेवीन. परत आलात का ह्याच्यातच द्येनार."

मी म्हटलं, "अहो वेणूबाई, वेगळा कशाला?"

तर ती बाई काय म्हणाली असेल? शांतपणे म्हणाली, "असं कसं? तुमच्याकडं माजा वेगला हाय ना, कोनाड्यात? आईंच्या वक्तापासनं. कान तुटला तरी टाकला न्हाय तुमी, कुनाला दिला बी न्हाय. मी म्हटलं, मानसाचा मान ठेवाची रीत असंल तुमची. आपन पन ठेवावी."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. हसत होती की नव्हती, मला अजून कळलेलं नाही. आणि मी मानसशास्त्र शिकवतो!

लाज वाटली हो. सरळ सांगतो, लाज वाटली. आपलं-परकं माणसाच्या मनात शोधत बसू नका, ते त्याच्या सवयीत असतं, भांड्यात असतं, उठण्याबसण्यात असतं, हे मी दर वर्षी दुसऱ्या सत्रात शिकवतो. परीक्षेला येतं. आठ गुणांना! आणि तो कान तुटलेला कप मी एकतीस वर्षं, रोज सकाळी फुलं काढायला जाताना बघतोय. बघतोय म्हणजे काय... दिसलाच नाही कधी. कुणी धुतला, का वेगळा, कुणी ठेवला, एक प्रश्न पडला नाही. प्रश्नावलीत सात पडले, पडवीत एक नाही!

उठलो. चहाचा कप तसाच हातात. सरळ गेलो आणि पंगतीत शिवदासच्या शेजारी मांडी ठोकली. बेंजो थांबला. वाढणारा थांबला. आणि दोन्ही बाजूची माणसं, काय सांगू, आदराने सरकली! इकडे हातभर, तिकडे हातभर. पंगतीत बसूनही मी बेटावर! मी म्हटलं, जवळ या हो! आणि मला मासा वाढा!

वाढला. आता मासा कसा खातात हे मला कोण शिकवणार? माडांना विचारायचं? मी आपला वांग्याची फोड टाकावी तशी तुकडी तोंडात टाकली, दोनदा चावली, गिळली... आणि संपलो! काटा! घशात! डोळे बाहेर, तोंडातून आवाज नाही, हातवारे करतोय, आणि समोरचे लोक हात जोडून म्हणतायत, "सर, भाषान करताव काय?"

तेवढ्यात पाठीत धपाटा बसला. असा बसला की गळ्यातला हार पुढच्याच्या कालवणात. वेणूबाई! "अरे मुडद्या! काटा काढून खायाचा का न्हाय? कोंबतंय नुसता! शिकलास काय येवढी वर्सं? आ कर! भात गिल! चावू नको, गिल म्हनतंय ना!" आणि स्वतःच्या हाताने कोरड्या भाताचा गोळा माझ्या घशात सारला. एक गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गोळ्याला काटा गेला.

आणि मग सगळी पंगत जी हसली! शिवदास तर आडवा झाला. नंतर त्याने माझ्या पानातला मासा ओढला, स्वतःच्या उष्ट्या हाताने एकेक काटा काढला आणि तुकडी परत माझ्या पानात टाकली. "खा आता. तुला सांगतंय, हलू हलू खा." तू! एकतीस वर्षं घराबाहेर मला 'सर' सोडून कुणी हाक मारली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. काट्याचं होतं. पण सगळं काट्याचं नव्हतं.

तो माझा सुखाचा तास. कारण घरी पोचेपर्यंत माझा व्हिडिओ घरी पोचला होता. अलिबागपासून पुण्यापर्यंत सगळ्या नात्यात, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. पुढच्या दारात सई उभी. फक्त बोट, मागच्या दाराकडे. विहिरीवर आंघोळ. मी दोरी ओढता ओढता म्हटलं, सई, भेद मी मानत ना... "साबण लावा!"

पण मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो तुटका कप उचलला आणि माडाच्या आळ्यात फेकला. पंधरा दिवसांनी वेणूबाई आली. म्हटलं, या, आत या, टेबलाशी बसा, आपल्या सगळ्यांच्या कपात चहा घेऊ. ती उंबऱ्यातून डोकावली. "नको रं. फरशीवर पाय घसरतंय. आनि माजा कप कुठं हाय?" मी अभिमानाने चिनी मातीचा नाजूक कप पुढे केला. तिने तो हातात घेतला, आत बघितलं. "येवढासा? पाच कोस चालून आली मी, ह्यात काय जीभ भिजवू?" मग काय! भर उन्हात प्राध्यापक यशोधन, समावेशन समितीचे अध्यक्ष, खताच्या आळ्यात गुडघे टेकून कप उकरतायत आणि वेणूबाई वरून सांगतेय, "तिकडं बघ, माडाच्या मुलाच्या बाजूला!"

सापडला. विसळला. मी विसळला, हं! तेवढ्यात सईने चहा आणला. वेणूबाईचा तिच्या कपात. आणि माझा... तो सोनेरी काठाचा, थळहून चुकून हातात राहून आलेला! मी म्हटलं, हा काय प्रकार? सई म्हणाली, "तुमचा. घरातल्यांत मिसळायचा नाही. विसळून कोनाड्यात ठेवा, त्यांच्या शेजारी." वेणूबाईने दोन्ही कपांकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "आता झाला बराबर."

तर आता कोनाड्यात दोन कप आहेत. चर्चासत्र उद्यावर आलंय आणि निबंधातली ती ओळ मी खोडलीये, पण शेवट सुचत नाही. आठवड्यापूर्वी शेवटचा उपाय म्हणून ती प्रश्नावली घेऊन सईकडे गेलो, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, प्रश्न तिसरा, वेगळ्या समाजाची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आलेली चालेल का?

तिने वर न बघता सांगितलं, "तिथूनच विचारा. आत येऊ नका."

तेव्हापासून मी पडवीतच बसतो. बरं असतं हो तिथे. वारा येतो, पंखा लागत नाही, आणि पंधरा दिवसांनी का होईना, सोबत असते.